पिटुनियाच्या हँगिंग बास्केट मधून बोडक्या, नवी पानं पिवळी: काय चुकतंय?

स्नेहनगर_गॅलरी (10 जानेवारी)

नमस्कार मंडळी. इंदूर, दुसरा मजला, दक्षिणेकडची गॅलरी. तारेच्या 12 इंची तीन बास्केट, आत काथ्याचं अस्तर. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकीत लोंबणाऱ्या पिटुनियाची पाच रोपं लावली. माती निम्मी काळी, निम्मं शेणखत. पाणी बोअरचं, रोज सकाळी एक मग. दर 15 दिवसांनी चमचाभर डीएपी. बास्केट छताच्या हुकांना, गॅलरीच्या मधोमध. गॅलरी 5 फूट खोल आहे.

फांद्या दीड-दीड हात लोंबल्या आहेत, पण फुलं फक्त टोकाला तीन-चार. मधला भाग नुसत्या काड्या. नवी पानं पिवळट, शिरा मात्र हिरव्या. पाणी घातलं की मिनिटभरात खालून धार लागते, म्हणजे निचरा तर चांगला दिसतो. रोपं वाचतील का, की काढून टाकू? आणि पुढच्या वर्षी काय बदलू?

मातीकाम

ताई, तो निचरा नाही, ती गळती आहे. काळी माती सुकली की आकसते आणि अस्तरापासून सुटते. बास्केटच्या कडेला करंगळीचं नख जाईल एवढी फट दिसतेय का बघा. पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. लोखंडी सळई किंवा विणकामाची सुई मध्यावर 4 इंच खुपसून बाहेर काढा. कोरडी निघाली तर शंकाच नको.

आजचा उपाय: घमेल्यात किंवा टबात पाणी घेऊन बास्केट अर्ध्यापर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे 20 ते 30 मिनिटं, तशीच ठेवा. मग निथळू द्या. त्याआधी सळईने सात-आठ ठिकाणी खोल भोकं पाडा आणि कडेच्या फटीत ओलं कोकोपीट बोटाने दाबून भरा. यानंतर पाणी मगाच्या मापाने नाही, वजनाच्या मापाने. बास्केट खालून तळहाताने जराशी उचलून बघायची. भिजलेलं वजन आणि सुकलेलं वजन दोन दिवसांत हाताला कळायला लागतं. हलकी लागली की दोन हप्त्यांत पाणी: पहिल्या हप्त्याने माती ओलसर होऊ द्यायची, दहा मिनिटांनी दुसरा, खालून ठिबकेपर्यंत.

काढून टाकायचं म्हणाल तर नको. काळ्या मातीत रुजलेलं रोप मुळं न तोडता निघत नाही, आणि या हंगामाचे अजून अडीच महिने हातात आहेत. वाटलं तर एक बास्केट नव्या मिश्रणाची करा, नर्सरीतून पिशवीतली ताजी रोपं आणून. उरलेल्या दोन सुधारून चालवा.

नवं मिश्रण 12 इंची बास्केटला साधारण 7-8 लिटर लागतं: कोकोपीट 4 भाग, गांडूळखत 2 भाग, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) दीड भाग, मूठभर निंबोळी पेंड. काळी माती अजिबात नाही. भिजलेली अशी बास्केट 6-7 किलोची होते. तीच काळ्या मातीने भरली तर 12 किलोच्या घरात जाते. म्हणून हुकाखाली प्लॅस्टिकची गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) नको, स्लॅबमध्ये लोखंडी फास्टनर हवा. छतात सगळा ओढा सरळ खाली असतो आणि प्लॅस्टिकची गिट्टी हळूहळू सरकत बाहेर येते.

कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट 4 लिटर पाण्यात फुगवली की 8-9 लिटर होते. ती धुवायलाच हवी, नारळाच्या सालीत क्षार असतात. विटेमागे 10-15 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट त्याच पाण्यात घालून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यात पिळा, साध्या पाण्याने दोनदा धुऊन पुन्हा पिळा. हे टाळलं की लागवडीनंतर दहा दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि दोष खताला जातो. परलाइटऐवजी कोळशाची राख घालू नका, ती अल्कधर्मी असते. थर्माकोलचे मणी पाणी घातलं की वर तरंगतात आणि वाऱ्याने शेजाऱ्यांच्या गॅलरीत जातात. त्यातून बागकाम नाही, भांडणच उगवतं.

आणि काथ्याच्या अस्तराला आतून प्लॅस्टिकची पिशवी लावा, खालच्या तिसऱ्या भागात पेन्सिल जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडून. आपल्याकडच्या कोरड्या हवेत उघडा काथ्या चारही बाजूंनी पाणी उडवतो. शिवाय फेब्रुवारीत खारी आणि चिमण्या घरट्यासाठी तोच काथ्या उपसून नेतात.

हिरवा_चहा

पानं पिवळी म्हणजे मॅग्नेशियम कमी. एप्सम सॉल्ट लिटरला 2 ग्रॅम फवारा, आठवड्यात फरक पडेल.

कुंडीकाका

नाही हो, इथे ते लागू पडणार नाही. मॅग्नेशियमची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांत दिसते, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून लोहाचा तुटवडा शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत दिसतो: पान पिवळं, शिरांची जाळी हिरवी. ताईंनी नेमकं हेच लिहिलंय.

पण मातीत लोह नाही असं समजू नका. आपली काळी माती बेसाल्टची आहे, लोह भरपूर आहे. अडचण सामूची (पीएचची). काळी माती साधारण साडेसात ते साडेआठ सामूची, त्यावर बोअरचं जड पाणी. अशा सामूला लोह मातीत अडकतं आणि मुळांना मिळत नाही. बोगनवेल हे बऱ्यापैकी सोसते. पिटुनिया सोसत नाही, तिला साडेपाच ते सव्वासहाच्या आसपासचा सामू मानवतो. त्यात डीएपी! जास्तीचं फॉस्फरस लोह आणखी बांधून ठेवतं. डीएपी आजच बंद करा.

आता लोह कोणतं आणायचं. छावणी भागातल्या बी-बियाण्यांच्या दुकानांत 'चिलेटेड फेरस 12 टक्के' म्हणून जे मिळतं ते बहुतेक ईडीटीए असतं, म्हणजे लोहाला धरून ठेवणाऱ्या एका रसायनात बांधलेलं. ते सामू साडेसहापर्यंत ठीक चालतं, पुढे सुटून मातीत अडकतं. तुमच्या काळ्या मातीला ईडीडीएचए, म्हणजे जास्त घट्ट धरणाऱ्या रसायनातलं हवं, 6 टक्के लोह असलेली लालसर भुकटी. महाग आहे, पण लागते चिमूटभर. लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, एका बास्केटला एक लिटर, मुळांशी ओतायचं. हे फवारायचं नसतं. पानांवर सांडलं तर लगेच धुवा, डाग राहतात. संध्याकाळी द्या. आठ-दहा दिवसांत निघणारी नवी पानं हिरवी आली पाहिजेत. आधीची पिवळी पानं पूर्ववत होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून दुसरा डोस देऊ नका. ईडीटीए घरात असेलच तर ते फवारणीला वापरा: लिटरला अर्धा ग्रॅम, उन्हं उतरल्यावर. साधी हिराकस (फेरस सल्फेट) मात्र पिटुनियावर फवारू नका, पाकळ्या भाजतात आणि फरशीवर गंजाचे डाग पडतात ते वेगळंच.

मूळ दुखणं पाण्यात आहे. बास्केटच्या तारेवर, कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो का? टीडीएस मीटरने याचा पत्ता लागत नाही, तो एकूण क्षार दाखवतो. मत्स्यालयाच्या दुकानातून केएच, म्हणजे सामू चढवणारी पाण्याची क्षारता, मोजायचं किट आणा. 5 मिली पाण्यात थेंब मोजत रंग बदलेपर्यंत घालायचं. साधारणपणे एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे 17.9 पीपीएम. पिटुनियाला 100 च्या आत बरं.

स्नेहनगर_गॅलरी

फट आहे, नख काय, अख्खी काडी जाते. सळई मध्यावर कोरडी निघाली. किट आणलं: बोअरला 17 थेंब, नर्मदेच्या नळाला 8. पांढरा थर तर खूपच आहे. आरओचं वाया जाणारं पाणीही मी झाडांनाच घालते, ते चालेल का?

कुंडीकाका

17 थेंब म्हणजे 300 च्या वर. नर्मदेचं 140-145. मग प्रश्नच मिटला, बास्केटला फक्त नळाचं पाणी. एक दिवसाआड येत असेल तर झाकणाच्या ड्रममध्ये साठवा. त्यातही 10 लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा, सायट्रिक अ‍ॅसिड घाला. किराण्यात लिंबूसत म्हणून मिळतं ते. याने साधारण 60 पीपीएम उतरतात. बोअरच्या पाण्याला याच हिशेबाने चार-पाच पट लागेल, तो खटाटोप करू नका.

आरओचं टाकाऊ पाणी अजिबात नको. गाळलेल्या पाण्यातून काढलेले क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला.

खताचं: 19:19:19 (नत्र, फॉस्फरस, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला दीड ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मातीवरच. कळ्या भरभर यायला लागल्या की एक आठवडा हे, एक आठवडा 13:00:45 (फॉस्फरस नसलेलं, पालाश जास्त असलेलं), तेही दीड ग्रॅम. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर घालून खालून वाहू द्यायचं, साठलेले क्षार निघून जातात. कॅल्शियम नायट्रेट अनेक जण सांगतील. तुमच्या जड पाण्यात कॅल्शियम आधीच आहे आणि नायट्रेट खत सामू आणखी वर नेतं. कोकोपीट धुण्यापुरतं ठीक, पुढे नको. केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा वगैरे प्रयोग बास्केटमध्ये करू नका. एवढ्याशा मिश्रणात ते कुजतं आणि चिलटं होतात.

उन्हाचा_हिशेब

सगळे माती आणि पाण्यावर बोलताहेत. मला वाटतं निम्मा दोष हुकाच्या जागेचा आहे. फुलं टोकालाच येण्याचं कारण तिथेच बघा.

इंदूर 22.7 अंश उत्तरेला. या दिवसांत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंश वर येतो. दक्षिणेच्या गॅलरीत याचा सरळ अर्थ असा: छताच्या कडेपासून बास्केट जितकी आत, जवळजवळ तितकाच फूट खालपर्यंत दुपारची सावली. तुमची बास्केट अडीच फूट आत आहे, म्हणजे छतापासून खाली अडीच फूट सावली. बास्केटचा काठ छताखाली किती आहे? दीड-दोन फूट असेल तर वरचा भाग दुपारी सावलीत आणि लोंबलेली टोकं उन्हात. फुलं टोकालाच येणार, दुसरं काय होणार?

पुढे हे वाढत जातं. 21 मार्चला दुपारचा सूर्य 67 अंशांवर असतो. तेव्हा एक फूट आत टांगलेल्या बास्केटवरही छताखाली सुमारे 2.4 फूट सावली, आणि त्या दिवशी दक्षिण गॅलरीत सावलीची ही रेघ सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत नाही. अडीच फूट आत असाल तर सहा फूट, म्हणजे फरशीपर्यंत ऊन नाहीच म्हणा ना. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला उज्जैनजवळून जातं, त्यामुळे जूनमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर आणि दक्षिणेची गॅलरी पूर्ण सावलीत. 'मार्चमध्ये पिटुनिया उन्हाने मेली' असं पुष्कळांना वाटतं. दक्षिण गॅलरीत ती बऱ्याचदा ऊन न मिळाल्याने लांबुडकी होऊन संपते.

म्हणून: हुक छताच्या कडेपासून 6 इंचांच्या आत घ्या, किंवा कठड्याला बाहेर झुकणारा लोखंडी ब्रॅकेट लावा. साखळी लांब करून बास्केटचा काठ तुमच्या छातीच्या उंचीवर आणा, पाणी घालायला आणि फुलं खुडायलाही सोपं. पिटुनियाला दिवसाचं 5-6 तास थेट ऊन हवं. हुकाला फिरकी लावा आणि दर तीन-चार दिवसांनी बास्केट पाव वळण फिरवा, नाहीतर भिंतीकडची बाजू टकली राहते. खालच्या मजल्यावर पाणी पडतं म्हणून कुणी खाली बशी अडकवत असेल तर निथळल्यावर ती रिकामी करा.

रोपवाटिका_इंदूर

आता छाटणी. पाच रोपं जास्त झाली. लोंबणाऱ्या, पसरणाऱ्या जातीची 12 इंचीत तीन पुरतात, साधी बुटकी पिटुनिया असती तर पाच. पण आता उपटू नका, मुळं गुंतलेली असतील.

सगळ्या फांद्या एकदम कापल्या तर दोन-तीन आठवडे एकही फूल दिसणार नाही. त्यापेक्षा हप्त्याने करा. या आठवड्यात दर तीन फांद्यांतली एक कापा, पुढच्या आठवड्यात दुसरी, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. कापायची कुठे, हे नीट बघा. फांदी उचलून मुळाकडून वर बोट न्या. पान जिथे फांदीला चिकटतं त्या बेचक्यात मोहरीएवढा हिरवा डोळा किंवा दोन इवली पानं दिसतील. असा डोळा जिवंत असलेल्या पेऱ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर कात्री लावायची, आणि कापल्यावर फांदीवर निदान तीन-चार पानं उरली पाहिजेत. नुसती तपकिरी काडी ठेवली तर ती फुटेलच याची खात्री नाही. कात्री दर दोन-तीन फांद्यांनी पुसा, पिटुनियाचा चीक पात्यांना धरतो. छाटणी लोह दिल्यावर, नवी पानं हिरवी दिसू लागल्यावरच सुरू करा. पिवळ्या रोपाला छाटलं तर ते बसूनच जातं.

सुकलेलं फूल ओढून काढू नका. ओढलं की पाकळीचा कर्णा हातात येतो आणि मागे हिरव्या निदलात बोंड तसंच राहतं. झाडाची ताकद मग बियांत जाते. नखाने देठासकट, निदलाच्या खाली खुडा.

मधून बोडकी होण्याचं आणखी एक कारण: रोपं लहान असताना शेंडा खुडला नसणार. सहा-सात पानं झाली की वरचा शेंडा खुडायचा, फुटलेल्या फांद्या 4 इंची झाल्या की त्यांचाही एकदा. पहिली फुलं दोन आठवडे उशिरा येतात. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण नर्सरीतून रोप फुलासकट आणलेलं असतं आणि ते खुडायला हात होत नाही. खुडा.

मातीकाम

छाटणीनंतर कोवळी फूट येते तेव्हा मावा आणि अळी बघत राहा. कळीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि खालच्या पानावर काळी बारीक लेंडी दिसली तर ती अळी. दिवसा लपते, रात्री बॅटरी घेऊन वेचा. जास्त असतील तर बीटी (अळ्यांवरचं जिवाणूजन्य कीटकनाशक), लिटरला 1 ग्रॅम, संध्याकाळी, कारण उन्हात त्याची ताकद लवकर जाते. माव्याला निंबोळी तेल 5 मिली, दोन-तीन थेंब भांडी घासायचं द्रावण आणि 1 लिटर पाणी, फुलं वगळून. पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण निंबोळी तेलानंतर दोन आठवडे गंधक नको, पानं भाजतात.

स्नेहनगर_गॅलरी

बास्केटचा काठ छताखाली पावणेदोन फुटांवर निघाला. ब्रॅकेट सांगितलेत. लोहही आणलं. दोन शेवटच्या गोष्टी: मार्चनंतर या बास्केटमध्ये काय लावू, आणि पुढच्या वर्षी बियांपासून करायचं तर कधी?

रोपवाटिका_इंदूर

पिटुनिया आपल्याकडे रंगपंचमीच्या गेरपर्यंत (इंदूरची रंगांची मिरवणूक) उत्तम, पुढे जेवढी टिकेल तेवढी. लू लागायला लागली की हट्ट धरू नका.

कठड्याबाहेरच्या ब्रॅकेटवर ऊन मिळतंय, तर उन्हाळ्यासाठी चिनी गुलाब, ज्याला कुणी ऑफिस टाइम म्हणतात. 3-4 इंची काड्या, खालची पानं काढून, 12 इंचीत आठ-दहा, थेट खोचायच्या. आठवड्यात मुळं धरतात. खत अगदी कमी, पाणी वरचं इंचभर सुकल्यावर. त्याची फुलं उन्हातच उघडतात, सावलीत मिटलेली राहतात. लोंबणाऱ्या जातीची सदाफुलीही छान, पण पावसाळ्यात बास्केट छपराखाली घ्या. सततच्या ओलीने तिचं खोड बुडाशी काळं पडून सडतं. आत, जिथे सावली राहते, तिथे पावसाळ्यात टोरेनिया.

हिवाळ्यात पिटुनियाच्या जोडीला कडेने अ‍ॅलिसम लावता येतं. नॅस्टर्शियम वेगळ्या बास्केटमध्ये: बी रात्रभर भिजवून थेट जागेवर अर्धा इंच खोल, आणि मिश्रणात गांडूळखत निम्मंच. खत जास्त झालं तर थाळीएवढी पानं आणि फूल एखादं. लोबेलिया हौसेला ठीक, पण फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की मान टाकते.

बियाणं: अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) आटोपल्या आणि पाऊस ओसरला की, साधारण 25 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. पेरणीपासून फूल 10 ते 12 आठवडे. पिटुनियाचं बी एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या घरात, इतकं बारीक. म्हणून लोंबणाऱ्या जातींचं बी बहुधा गोळीच्या रूपात मिळतं. ट्रेच्या प्रत्येक खणात एक गोळी, वरून माती अजिबात टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. फवाऱ्याने गोळी विरघळेपर्यंत भिजवा. अर्धी विरघळून पुन्हा सुकली की आतलं बी गेलं. वर पारदर्शक झाकण, उजेडात पण थेट उन्हात नाही. 7-10 दिवसांत उगवलं की झाकण काढा आणि पाणी ट्रेखालून द्या. झाकण ठेवून दिलं तर रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. आडवी पडू लागली तर कॅप्टन हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम, एकदाच. पाच-सहा पानांवर 3 इंची पिशवीत, तिथून बास्केटमध्ये.

संकरित जातीचं घरचं बी धरू नका, पुढच्या पिढीत आईसारखी निघत नाही. आवडलेला रंग टिकवायचा असेल तर फेब्रुवारीत फुलं नसलेल्या शेंड्याच्या 3 इंची काड्या ओल्या कोकोपीटमध्ये लावा. मुळं दोन आठवड्यांत येतात, पण इंदूरच्या मे महिन्यातून ती रोपं जगवणं हे वेगळंच काम आहे. त्यापेक्षा नवं पाकीट स्वस्त पडतं.

स्नेहनगर_गॅलरी (23 जानेवारी)

एक बास्केट नव्या मिश्रणाची केली. जुन्या दोन्हीत शेंड्याची चार-पाच पानं हिरवी आली आहेत, उद्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्याची छाटणी. एका फांदीवर बेचक्यात डोळाच दिसत नाहीये, फक्त टोकाला पानं आहेत. ती ठेवू की काढू?

रोपवाटिका_इंदूर

ती सगळ्यात शेवटी. बाकीच्या फुटू द्या, मग मुळापासून काढा.